अंदमानचे नऊ दिवस : काय पाहावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत नऊ दिवस हाताशी आहेत. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी. वडिलांना सेल्युलर जेल मनासारखं पाहायचंय, मुलीला प्रवाळ आणि जंगल. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअरला एक रात्र, मग हॅवलॉक, नील, बाराटांगच्या गुहा आणि शेवटी दिगलीपूर असं सगळं बसवलंय. हे जमेल का, आणि जमलं तरी करावं का?

जमेल, पण करू नका. मी बरीच वर्षं अंदमानला माणसं घेऊन जातो. तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाला मी दोनच मुक्काम सांगतो: पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. पहिल्या चार रात्री पोर्ट ब्लेअरला, पुढच्या तीन स्वराज द्वीपवर आणि विमानाच्या आदल्या रात्री परत पोर्ट ब्लेअरला. नील या खेपेला राहू द्या. दिगलीपूर तर नक्कीच राहू द्या. बाराटांगला जाऊच नये असं माझं मत आहे, त्याची कारणं पुढे सविस्तर सांगतो.

आधी वेळेचं गणित. नकाशावर ही बेटं एकमेकांना खेटून दिसतात, पण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. खोली सोडायची, धक्क्यावर तासभर आधी पोहोचायचं, सामान तपासून घ्यायचं, मग दोनेक तास बोट, उतरल्यावर गाडी, नव्या खोलीची वाट. तरुण जोडप्याला याचं काही वाटत नाही. सत्तरीतल्या माणसाला मात्र अशा तीन फेऱ्यांनंतर समोरच्या समुद्राकडे बघायचीही ताकद उरत नाही. त्यात हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि त्यापुढे कुणाचीही ओळख चालत नाही. जानेवारीत हे क्वचित होतं, पण होतं. एजंटच्या कार्यक्रमात एक बोट रद्द झाली की पुढचं सगळं कोलमडतं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवायची ती याचसाठी.

दुसरं गणित सूर्याचं. अंदमान साधारण ९२ ते ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, पण घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. त्यामुळे जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो आणि सव्वापाचला मावळतो. सहाला अंधार. नऊला आरामात नाश्ता करून निघायची सवय असेल तर दिवसाचा उत्तम भाग हातचा जातो. पाचला उठा, दुपारी उन्हाच्या वेळी झोपा, चारला पुन्हा बाहेर पडा. आई-वडिलांना हे वेळापत्रक तुमच्यापेक्षा लवकर मानवेल.

आता पोर्ट ब्लेअर. बहुतेक जण या गावाकडे विमान आणि बोट यांच्यामधलं थांबण्याचं ठिकाण म्हणून पाहतात. अंदमानचा जवळजवळ सगळा इतिहास या एका बंदराच्या काठाने घडला आहे. तो काठ सावकाश फिरलात तर पुढे समुद्र आणि जंगलही वेगळं दिसायला लागतं.

सेल्युलर जेलला दोनदा जा. एकदा सकाळी, उघडल्या उघडल्या, आणि एकदा संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला. पुष्कळ सहली फक्त संध्याकाळी येतात, घाईघाईने एक फेरी मारतात आणि खुर्च्या पकडतात. त्यांना जेल दिसतच नाही. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे मधल्या मनोऱ्यापासून फुटणारे सात हात होते, प्रत्येक तीन मजली, मिळून सातशेच्या जवळपास कोठड्या. एकत्र राहायची बराक एकही नाही, प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी. आतली क्रूर हुशारी कळायला एका हाताच्या व्हरांड्यात उभं राहून समोर पाहा. समोर दिसते ती पुढच्या इमारतीची पाठ. एका इमारतीतल्या कैद्याला दुसऱ्या इमारतीतल्या कैद्याचं तोंड कधीच दिसू नये अशी ही रचना आहे. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, उजेडाला फक्त वर, हाताला न लागणारा झरोका. मुलीला आत उभी करा, दाराबाहेरची कडी भिंतीतल्या खोबणीत कुठे सरकते ते दाखवा. आतून हात घालून ती गाठता येत नाही. हे तिला कुठल्याही भाषणापेक्षा चांगलं समजेल.

सातपैकी आता तीनच हात उभे आहेत. दोन जपानी अमलात गेले आणि स्वातंत्र्यानंतर आणखी दोन पाडून तिथे रुग्णालय झालं. जुन्या राजबंद्यांनी आवाज उठवला म्हणून उरलेले वाचले. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं.

तुमच्या वडिलांना अर्थातच सावरकरांची कोठडी पाहायची असणार. ती सातव्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. जिने चढावे लागतात, लिफ्ट धरून चालू नका. म्हणूनच सकाळी, ऊन तापायच्या आत जा आणि मध्ये बसत-बसत वर न्या. ४ जुलै १९११ ला सावरकर इथे आणले गेले. दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा, म्हणून गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६० होतं. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते. १९२१ मध्ये दोघांना परत हिंदुस्थानात आणलं. कोठडीच्या बाहेरून खाली अंगणाकडे पाहिलं की फाशीघराची इमारत दिसते. एका वेळी तिघांना लटकवायची सोय तिथे आहे.

पण वर जाऊन नमस्कार करून खाली उतरलात तर जेल अर्धंच पाहिलं. मधल्या मनोऱ्यात प्रांतवार नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्या वाचायला वडिलांना वेळ द्या. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले वामनराव जोशी, बंगालमधल्या अलीपूर बॉम्ब खटल्यातले बारींद्रकुमार घोष आणि उल्लासकर दत्त, इथेच १९१२ मध्ये जीव देणारा इंदुभूषण रॉय. आणि १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने नळीवाटे दूध घालताना गेलेले महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र. आपल्याकडे अंदमान म्हटलं की गोष्ट १९२१ ला संपते. तुरुंगात मात्र ती पुढे चालू राहिली, १९३७ च्या मोठ्या उपोषणानंतर राजबंद्यांना परत पाठवेपर्यंत. अंगणातल्या शेडमध्ये कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल गाळायचं, कमी भरलं की शिक्षा. शेजारी फटक्यांची टिकटी आहे. लहान मुलांना इथे आणू नये असं काही पालकांना वाटतं. बारा वर्षांच्या मुलीला जरूर आणावं, फक्त तिच्या प्रश्नांना उत्तरं देण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. जेलच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टीचा वार निघण्यापूर्वी तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. बोट अॅबरडीनच्या धक्क्यावरून सुटते, पंधरा मिनिटांतच पोहोचवते. पण बोटीत बसायच्या आधी त्याच आवारात एक छोटं स्मारक आहे तिथे थांबा. हजारो पर्यटक त्याच्यावरून रोज जातात, वाचत जवळजवळ कुणीच नाही. ते अॅबरडीनच्या लढाईचं स्मारक आहे. १० मार्च १८५८ रोजी कैद्यांच्या वसाहतीचा पहिला अधीक्षक डॉ. वॉकर १८५७ च्या उठावातले दोनशे कैदी घेऊन या बंदरात आला. कैदी जंगलात पळू लागले, आणि पकडून आणलेल्या ऐंशीहून अधिक जणांना त्याने फाशी दिलं. पळालेल्यांतला दूधनाथ तिवारी ग्रेट अंदमानी या इथल्या मूळ लोकांत वर्षभर राहिला. त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. वसाहतीवर मोठा हल्ला करायचा बेत त्याला कळला आणि तो परत येऊन इंग्रजांना सांगून मोकळा झाला. १७ मे १८५९ ला धनुष्यबाण घेऊन आलेल्या अंदमानी लोकांसमोर बंदुका तयार होत्या. तिवारीला माफी मिळाली. ग्रेट अंदमानी तेव्हा काही हजार होते. रोगराई आणि वसाहतीने त्यांची अशी अवस्था केली की १९६१ च्या जनगणनेत ते १९ उरले होते. कैद्यांचा इतिहास आणि या बेटांच्या मूळ माणसांचा इतिहास एकाच किनाऱ्यावर, एकमेकांवर आदळत घडला. वडिलांना पहिला माहीत आहे. मुलीला दुसराही सांगा.

रॉसवर इंग्रजांचं मुख्यालय होतं. चर्च, बेकरी, नाचघर, छापखाना, पाणी शुद्ध करायचं यंत्र, सगळं एका चिमुकल्या बेटावर. जून १९४१ च्या भूकंपाने इमारतींना तडे गेले आणि पुढच्या वर्षी जपानी आले. आज वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी त्या भिंती मुळांत घट्ट धरल्या आहेत. चर्चची भिंत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होतं हे काही ठिकाणी ओळखू येत नाही. इथली हरणं माणसाला अजिबात बिचकत नाहीत. मुलीला ती आवडतील, पण तिला हेही सांगा की चितळ हे अंदमानचं जनावर नाही. इंग्रजांनी शिकारीसाठी आणलं, इथे त्याला खाणारं मोठं श्वापद नाही, म्हणून ते अनेक बेटांवर पसरलं आणि कोवळी रोपं खाऊन जंगलाची नवी वाढ खुंटवतं. बेटावर चढ आहे. आई-वडिलांसाठी बॅटरीची गाडी मिळते का ते उतरल्याबरोबर विचारा, उशीर केलात तर रांग लागते.

तिसरा दिवस मी माउंट मणिपूरला देतो. आधीचं नाव माउंट हॅरिएट. जुन्या लाल रंगाच्या २० रुपयांच्या नोटेमागे नारळी आणि समुद्राचं जे चित्र होतं ते इथूनच दिसणाऱ्या नॉर्थ बेचं. चॅथमहून गाडीसकट बांबूफ्लॅटची फेरी घ्यायची आणि खालून वर जायचं. वाटेत पायथ्याशी होपटाउन लागतं. ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो डोंगरावरून सूर्यास्त पाहून उतरले आणि इथल्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांना सुरीने भोसकलं. महिन्याभराने, ११ मार्चला, व्हायपर बेटावर त्याला फाशी झाली. डोंगराचं नाव २०२१ मध्ये बदललं ते १८९१ च्या युद्धानंतर इथे हद्दपार केलेल्या मणिपुरी लढवय्यांसाठी. वर गर्द जंगल आहे. पहाटे गेलात आणि गाडीतून उतरून पंधरा मिनिटं गप्प बसलात तर फक्त अंदमानातच सापडणारे काळे सुतारपक्षी आणि अंदमान सर्पगरुड दिसायची चांगली शक्यता असते. आवाज करणारा मोठा गट शेजारी असेल तर थोडं पुढे चालत जा. चॅथमला १८८३ पासून चाललेली लाकूड गिरणी आहे. पडाऊकचा लालभडक ओंडका तिथे पाहून घ्या, ती फेरीच्या वाटेवरच आहे.

जपानी काळाबद्दल दोन वाक्यं, कारण ते कुणी दाखवत नाही. २३ मार्च १९४२ पासून १९४५ पर्यंत इथे जपानी होते. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, आणि त्यानंतर बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, हेरगिरीच्या आरोपावरून जपान्यांनी इंडियन इंडिपेन्डन्स लीग या स्वातंत्र्यवादी संघटनेच्या ४४ जणांना होमफ्रेगंज इथे गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात डॉ. दिवाण सिंग हे कवी-डॉक्टर जपान्यांच्या छळाने गेले. होमफ्रेगंजचं स्मारक गावाबाहेर आहे. वडिलांची तयारी असेल तर वाट वाकडी करून तिथे जा.

चौथ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत, आणि मी मुलीचं मत घेईन. एक, वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट. तिथे तळाला काच लावलेली बोट मिळते, पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही प्रवाळ दिसतं. परवाना वनखात्याचा, तो आधी काढून ठेवावा लागतो आणि बेटावर प्लास्टिक चालत नाही. ही बंदी मनापासून पाळा, तिच्यामुळेच तो किनारा अजून तसा राहिला आहे. दोन, चिडिया टापू. संध्याकाळी तिथल्या खाडीकाठी पक्षी परततात, आणि मुंडा पहाडपर्यंतची जंगलवाट मुलीला झेपेल.

आता बाराटांग. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, खारफुटीतून बोटीने जायची वाट फारच सुंदर आहे. हे सगळं खरं. पण तिथे जाणारी अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगच्या नाक्यानंतर जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जाते. पहाटे तीनला उठून गाड्यांचा ताफा सुटायची वाट पाहायची, पोलिसांच्या बंदोबस्तात कुठेही न थांबता जंगल पार करायचं आणि तसंच परतायचं. जारवा काहीशेच आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. संपर्क वाढला आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं, तो आजही चालू आहे. त्यांचा फोटो काढणं, त्यांना खायला देणं, गाडी थांबवणं हे सगळं गुन्हा आहे आणि शिक्षा वर्षानुवर्षांच्या कैदेची आहे. नियम पाळूनही त्या ताफ्यात बसलेल्या बहुतेकांचे डोळे गुहेसाठी नव्हे, काचेबाहेर माणूस दिसतो का यासाठी लागलेले असतात. अॅबरडीनच्या स्मारकापाशी उभं राहून आलेल्या मुलीला मी त्या गाडीत बसवणार नाही. माझ्या गटांच्या कार्यक्रमातून मी बाराटांग कायमचं काढून टाकलं आहे. कुणी आग्रह धरला तर त्याला दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवतो.

स्वराज द्वीपला बोटीने जायचं, अंतर चाळीसेक किलोमीटर. खासगी बोटी जलद, बंद आणि वातानुकूलित असतात. सरकारी बोटी थोड्या हळू, पण डेकवर उभं राहता येतं. बोट लागणाऱ्यांना बंद केबिनचा त्रास जास्त होतो, म्हणून आईला उलटीचा त्रास असेल तर सरकारी बोटीचा डेक बरा, डोळे क्षितिजावर ठेवायचे. सरकारी तिकिटं हातात येईपर्यंत ती मिळालीच असं धरू नका. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, हेलकावे सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

या बेटावरच्या वाड्यांची नावं ऐकलीत तर गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी जंगल तोडून वसवलेली ही गावं. राधानगर पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्यास्त. पण मी माणसांना तिथे सकाळी सातला नेतो. तेव्हा तो दोनेक किलोमीटरचा पांढरा किनारा जवळजवळ रिकामा असतो आणि मागचं उंच जंगल सावली देतं. विजयनगरचा किनारा पूर्वेला. तिथे ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की गुडघाभर पाण्यासाठी बरंच चालावं लागतं, खाली मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात. म्हणून हॉटेल ठरवताना त्याच्यासमोरचा समुद्र भरतीलाच पोहण्याजोगा आहे का, हे विचारा. त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्या. अंदमानात घड्याळाइतकंच ते कोष्टक कामाला येतं.

मगरींबद्दल गंभीरपणे सांगतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे, ती समुद्रातून पोहत एका बेटावरून दुसऱ्यावर जाते आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या खाडीपाशी एका परदेशी पर्यटक तरुणीचा त्यात जीव गेला. नियम साधे आहेत: खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात जायचं नाही, सूर्य मावळल्यावर कुठेच पाण्यात उतरायचं नाही, फलक लावला असेल तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. हे पाळून लाखो माणसं दरवर्षी सुखरूप पोहतात.

प्रवाळासाठी एलिफंट बीच. तिथे बोटीने जाता येतं, किंवा जंगलातून चालत. वाट चिखलाची आहे, आई-वडिलांनी बोटीने यावं. काठावर पांढरे पडलेले प्रचंड वृक्ष आडवे दिसतील, २००४ च्या त्सुनामीच्या खुणा आहेत त्या. मुलीला स्नॉर्केल लावून पाण्यावर तरंगू द्या. स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायची, एक प्राथमिक बुडीही बारा वर्षांच्या मुलीला मारता येते, दहाव्या वर्षापासून परवानगी असते. पोहता येणं सक्तीचं नाही, पण दमा, सर्दी, कानाचं दुखणं काही असेल तर लपवू नका. फॉर्मवर सगळं खरं लिहा. स्कूबानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, म्हणून ते स्वराज द्वीपच्या पहिल्या पूर्ण दिवशीच उरका.

एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा, तिला निराशा होऊ नये म्हणून. जाहिरातींत दिसतं तसं रंगीत प्रवाळ सगळीकडे नाही. पाणी नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ त्याच्या आत राहणारं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. काही जागा सावरल्या, काही सावरल्या नाहीत. जिवंत प्रवाळ आणि मेलेलं प्रवाळ शेजारीशेजारी दिसेल. तिने पोपटमासा दगडासारख्या प्रवाळाला चावताना ऐकलं, विदूषक मासा त्याच्या समुद्रफुलात शिरताना पाहिला, तरी तिचा दिवस भरून पावेल. तिला पाय खाली टेकवू देऊ नका. एका टाचेखाली अनेक वर्षांची वाढ मोडते. आणि किनाऱ्यावरून शंख-शिंपला, प्रवाळाचा तुकडा काहीही उचलू नका, मेलेलासुद्धा. वन्यजीव कायद्याखाली ते चालत नाही आणि विमानतळावर सामानात सापडलं तर अडचण होते. दुकानातून शंख घेतलात तर पावती सांभाळा.

पुन्हा यायचं ठरलं, आई-वडील सोबत नसले आणि हातात दोन आठवडे असले, तर उत्तरेकडे जा. रस्त्याने नव्हे, सरकारी बोटीने. लाँग आयलंड, रंगत, मायाबंदर, दिगलीपूर. बोटी ठरावीक वारांनाच असतात, वाट पाहायची तयारी हवी. लाँग आयलंडला प्लायवूडचा कारखाना होता, तो बंद पडला आणि गाव शांत झालं. तिथून जंगलातून चालत लालाजी बे गाठता येतो. मायाबंदरजवळ वेबी या गावात १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेल्या करेन लोकांची वस्ती आहे. दिगलीपूरला सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर. कालीपूरच्या किनाऱ्यावर चार जातींची समुद्री कासवं अंडी घालतात, डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री वनरक्षकांबरोबर पाहता येतात. त्या वेळी टॉर्च मारू नका, फ्लॅश तर मुळीच नको. रॉस (पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉसहून वेगळं) आणि स्मिथ ही जुळी बेटं ओहोटीला वाळूच्या पट्ट्याने जोडली जातात. त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी लागते.

निकोबारचं नाव काढू नका, पर्यटक म्हणून तिथे जाता येत नाही. ग्रेट निकोबारला १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती, म्हणून आपल्याकडे कुणाचा तरी नातेवाईक तिकडे असल्याचं कानावर येतं. आदिवासी पास मिळवायला सबळ कारण लागतं. नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या आसपासही फिरकायचं नाही. तिथल्या लोकांना एकटं राहायचं आहे, हे त्यांनी वारंवार स्पष्ट केलं आहे. बॅरन बेटावर देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. तिथे उतरता येत नाही, लांबून दिसतो.

आता शेवटची कामं. मोठ्या खोल्या आणि बोटीची तिकिटं सप्टेंबरमध्येच पक्की करा, डिसेंबर-जानेवारीत ऐनवेळी तळमजल्याची खोली मिळत नाही आणि आई-वडिलांना तीच लागेल. मूळ ओळखपत्र प्रत्येक बोटीला लागतं, मुलीचंही. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, पण स्वराज द्वीपवर सगळीकडे चालेलच असं नाही, रोख पैसे ठेवा. मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे, म्हणून वडिलांची रोजची औषधं मोजून दुप्पट न्या आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवा. किनाऱ्यावर सँडफ्लाय, म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत आणि खाजवलं तर चिघळतं, तेव्हा खोबरेल लावून अंग झाकून बसा. मुलीसाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्या. पाठीवर सनस्क्रीन थापण्यापेक्षा तो तिला बरा आणि प्रवाळालाही.